म्हातारी वाटेत आहे

३ नोव्हेंबर, सोमवार

आज माझी खुर्ची गेली. लढाईत माणसांची घरं जातात, अख्खे देश जातात, हे वर्तमानपत्र वाचून मलाही ठाऊक आहे. तरीसुद्धा ज्या खुर्चीने वर्षानुवर्षं घासून माझ्या बैठकीचा नेमका आकार स्वतःत उतरवून घेतला होता, ती दोन शिपाई माझ्या डोळ्यांदेखत उचलून नेतात आणि तिच्या जागी एक स्टूल ठेवतात, या घटनेची कुठेतरी नोंद व्हायला हवी. दुसरं कोणी करणार नाही म्हणून ही वही काढली. स्टुलाचे तीन पाय जमिनीला टेकतात. चौथा स्वतंत्र विचारांचा आहे.

खुर्ची गेली ती आमच्या जहाज कंपनीत नव्याने येऊन बसलेल्या आरमारी अधिकाऱ्याला. त्यांचं काम एकच: कुठलं जहाज कुठे आहे हे कचेरीबाहेर कोणाला कळू द्यायचं नाही. आल्याआल्या त्यांनी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "तुमचं तोंड म्हणजे दार आहे. ते बंद ठेवायला मला पाठवलंय." दुपारच्या चहापर्यंत त्यांचं नाव कुलूपसाहेब पडलं होतं. नाव कोणी ठेवलं ते मी इथे लिहीत नाही. विनय म्हणूनही काही असतो.

गंमत अशी की त्यांना जे लपवायचंय तेच मांडून ठेवणं हे माझं काम. मी हालचाल विभागाचा हेडक्लार्क. माझ्यामागे भिंतभर फळा, फळ्यावर खिळे, खिळ्यांना पत्र्याच्या चकत्या, आणि दर चकतीवर एका जहाजाचं नाव. डावीकडे 'बंदरात', मध्ये 'वाटेत', उजवीकडे 'पोचलं'. चकत्या डावीकडून उजवीकडे नेणे हा माझा आयुष्यभराचा पराक्रम. आता फळ्यावर पडदा आलाय. तो सरकवायला कुलूपसाहेबांना विचारावं लागतं. न्हाणीघराला नसेल इतकी अब्रू त्या फळ्याला आली.

'वाटेत'च्या रांगेत सध्या 'म्हातारी' आहे. तिचं खरं नाव एका राणीचं, भारदस्त. पण इतकं जुनं आणि इतकं धापा टाकणारं जहाज आमच्याकडे दुसरं नाही. माझा थोरला भाऊ तिच्यावर सेकंड इंजिनिअर आहे. दादाचं वय घरी बसण्याचं झालंय, पण लढाईत इंजिनिअरला घरी बसू देत नाहीत. क्लार्कला मात्र स्टुलावर बसवतात.

५ नोव्हेंबर, बुधवार

घरी दादा, वहिनी आणि मी. दादा बाराही महिने पाण्यावर, तेव्हा खरं म्हणजे वहिनी, मी आणि आमचं भांडण. मी लग्न केलं नाही. ज्या बाईशी झालं असतं तिने नशीब काढलं, असं वहिनींचं मत आहे.

रोज संध्याकाळी मी बुटाची नाडी सोडत असतानाच त्या विचारतात, "कुठवर आली तुमची म्हातारी?" सांगायला बंदी आहे हे त्यांना पक्कं माहीत. मीही रोज तेच सांगतो, "पाण्यावर आहे. जमिनीवर चढली की कळवतो." मग चहा येतो.

"हा चहा आहे की कपबश्या विसळलेलं पाणी?"

"विसळलेलंच आहे. तुमची जीभ देवाने चवीसाठी दिलेली नाही, नुसती बोलायला दिलीय."

"आणि नवऱ्याला सांगा, चार ओळी लिहीत जा म्हणावं. अक्षर विसरेल."

"तुमचाच भाऊ आहे. एकाने सगळं बोलायचं आणि दुसऱ्याने गप्प बसायचं, अशी वाटणी झालीय तुमच्यात. माझ्या वाट्याला दोघंही आलात."

साखर संपत आलीय. रेशनची पुढची तारीख लांब आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी कुलूपसाहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं आणि "बसा" म्हणून माझ्याच जुन्या खुर्चीकडे बोट दाखवलं. स्वतः उभे राहिले. 

"म्हातारी?" मी विचारलं.

त्यांना ते नाव ठाऊक होतं. "वादळात ताफ्यापासून मागे पडली होती. परवा बिनतारीवर अर्धवट संदेश आला. पाणबुडीचा मार लागलाय, एवढंच कळलं. नंतर काही नाही."

"होड्या?"

"माहीत नाही."

ते खिडकीपाशी गेले. तिला काळा रंग लावलाय, बाहेरचं काही दिसत नाही, तरी बघत राहिले. मग म्हणाले, "त्याच वाटेने आपली आणखी जहाजं येतायत. म्हातारी कुठे होती हे फुटलं तर ती वाट फुटली. तुमचा सख्खा भाऊ आहे, मला माहीत आहे. म्हणून सगळ्यांच्या आधी तुम्हाला सांगतोय. आणि सगळ्यांच्या आधी तुम्हालाच गप्प करतोय. घरी कोण असतं?"

"वहिनी."

"त्यांनाही नाही. तोंडाने नाही आणि चेहऱ्यानेही नाही."

बाहेर येऊन पडदा सरकवला. आमच्याकडे अशा वेळी चकती काढत नाहीत. पक्की बातमी येईपर्यंत ती उलटी करून त्याच खिळ्याला अडकवायची, नाव भिंतीकडे. आणि विचारायला येईल त्याला सांगायचं, जहाज वाटेत आहे. ही रीत कोणी घातली कोण जाणे. आजवर मी अशा कितीतरी चकत्या उलट्या केल्या असतील. हाताला त्या इतक्या गार लागतात हे लक्षात आलं नव्हतं.

म्हातारीच्या पोटात कच्चं लोखंड आहे, लाल मातीसारखं. लोखंड भरलेलं जहाज बुडायला वेळ लावत नाही. हे मला कळतं. न कळणाऱ्या खात्यात बदली मागून घ्यायला हवी होती.

घरी आलो. वहिनींनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "येईल, येईल. तुम्ही काही काळजी करू नका." चहा घेतला. "छान झालाय," म्हटलं. वहिनी किटली हातात धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणखी देऊ?"

काही कळलेलं नाही त्यांना. मी इतका चांगला नट असेन असं वाटलं नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार

स्वयंपाकघरातला नळ उन्हाळ्यापासून गळतोय आणि उन्हाळ्यापासून वहिनी मला तो दुरुस्त करायला सांगतायत. आज केला. मग कोळसे फोडून दिले. मग त्यांच्या लोकरीचा गुंडा करायला दोन्ही हात पसरून तासभर बसलो. आपण कामात असलो की चेहरा कामात राहतो.

वहिनींनी आज म्हातारीबद्दल विचारलंच नाही. गडबडीत विसरल्या असाव्यात. बरं झालं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कचेरीच्या बाकावर आज मास्तर येऊन बसले होते. मास्तर म्हणजे बाजारामागच्या गल्लीतले शिंपी. माझी निम्मी कापडं त्यांच्या हातची आहेत. त्यांचा एकुलता एक मुलगा म्हातारीवर थर्ड इंजिनिअर आहे, दादाच्या हाताखाली. जहाजावर त्याला सगळे 'तिसरा' म्हणतात. दादा घरी आला की त्याच्याबद्दल बोलतो, म्हणजे दादाच्या मानाने बोलतो: "पोरगं चांगलं आहे. ऐकतं."

गळ्यात टेप तशीच ठेवून मास्तर आले होते. बोलताना ती दोन्ही हातांनी ओढत होते, घंटेची दोरी ओढावी तशी.

"साहेब, या खेपेला उशीर झाला का हो?"

"जहाज वाटेत आहे, मास्तर."

"वाटेत आहे ना. मग ठीक आहे. बायको म्हणते, विचारून या. मी म्हटलं, अगं वाटेतच असणार, जहाज दुसरं कुठे असतं?" आणि हसले. मीही हसलो. हसणं नियमात बसतं.

गेले, आणि दारातून परत आले. "साहेब, तुमचा भाऊही त्याच्यावरच की. म्हणजे तुम्हाला काही कळलं असतं तर तुमच्या तोंडावर दिसलंच असतं. नाही का?"

"दिसलंच असतं," मी म्हटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लोकांना नको तेव्हा बोलायचं सुचतं. शेजारीण संध्याकाळी साखर मागायला आली (तिची संपली, आमची संपायची आहे, एवढाच फरक) आणि दारातच सुरू झाली, "काय हो, इंजिनिअरसाहेबांचं काही कळलं का? बंदरावर लोक काहीबाही बोलतायत."  तेवढ्यात वहिनी आतून म्हणाल्या, "कळलं की! परवाच पत्र आलं. खुशाल आहेत. थंडी फार आहे म्हणतात." आणि वाटी भरून साखर दिली. भरून!

कुठलं पत्र? मी तर पाहिलं नाही. मनाने पत्रं लिहून घेतात आणि स्वतःच वाचतात, असा माणसांचा एक वर्ग आहे खरा. मी काही विचारलं नाही. त्या सुखात आहेत, तर असू देत.

नंतर भाजी निवडताना सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "भाऊजी, या खेपेला काय माल भरलाय हो त्यांच्या बोटीत?"

मी डोळ्याची पापणी न लववता म्हटलं, "कापूस."

"कापूस."

"हो. कापसाचं एक बरं असतं. समजा काही झालंच, तरी तरंगतो. जहाज बुडता बुडत नाही."

"हो का," म्हणाल्या, आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली. पटलं त्यांना. हे कापसाचं सुचलं त्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. आजकाल जेवत मात्र कमी आहेत. भूक नाही म्हणतात. रेशनमुळे पोटं लहान झालीत सगळ्यांचीच.

कचेरीत मालविभागातल्या एकाला कुलूपसाहेबांनी आजपासून घरी पाठवलं. दारूच्या गुत्त्यात जहाजाचं नाव घेतलं एवढंच. त्याला तीन लेकरं आहेत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तार आली. एका मासेमारी बोटीला समुद्रात होडी सापडली. माणसं जिवंत आहेत. कुठल्या बंदरात उतरवली ते मला सांगितलेलं नाही, आणि तारेत नावं घालायला बंदी, त्यामुळे कुलूपसाहेबांनाही सांगितलेलं नाही. नुसते हुद्दे आहेत: कप्तान, खलाशी, आचारी, मुख्य इंजिनिअर आणि त्याच्या हाताखालचा एक.

म्हातारीवर मुख्य इंजिनिअरच्या हाताखाली दोघंच. दादा आणि तिसरा.

"आणखी काही?" मी विचारलं.

कुलूपसाहेबांनी कागद वाचला. "टॉर्पेडो सरळ इंजिनखोलीत लागला. खाली जे होते त्यातलं कोणी वर आलं नाही. वेळ पहाटे साडेपाच."

हिशेब सोपा आहे. जहाजावर इंजिनखोलीच्या पाळ्या ठरलेल्या असतात, आणि त्या बदलत नाहीत. तिसऱ्याची बारा ते चार. सेकंडची चार ते आठ. दादाने सगळी हयात चार ते आठ केली. घरी सुट्टीवर असला तरी पहाटे चारला उठून स्वयंपाकघरात खुडबुड करतो. वहिनी ओरडतात, तो काही बोलत नाही, कोळशाच्या चुलीच्या हवेच्या झडपा उघडतो आणि बंद करतो, आणि उजाडेपर्यंत तिच्यासमोर बसून राहतो.

पहाटे साडेपाच.

मी "बरं" म्हटलं आणि बाहेर आलो. स्टुलावर बसलो. ते डुगडुगलं तेव्हा मला त्याला लाथ मारावीशी वाटली, आणि मारलीही. शिपायाने वर बघितलं नाही. शहाणा आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मास्तर पुन्हा बाकावर. या वेळी बसले होते ते बाकाच्या अगदी कडेला, डॉक्टरकडे बसतात तसे. चेहरा कागदासारखा. "साहेब, बायको जेवत नाही," म्हणाले. एवढंच.

मी इकडेतिकडे बघितलं. कुलूपसाहेबांचं दार बंद होतं. मी मास्तरांच्या शेजारी बसलो आणि त्यांच्या कानात म्हटलं, "मास्तर, धीर धरा. कोणाला बोलू नका. तुमचा मुलगा येईल."

"नक्की, साहेब?"

"नक्की."

त्यांनी माझा हात धरला नाही, रडले नाहीत. गळ्यातली टेप काढली, बोटाभोवती नीट गुंडाळली आणि खिशात ठेवली, दिवसाचं काम संपल्यावर ठेवतात तशी. "बायकोला सांगू?"

"हळूच सांगा."

नियम मोडला. खुशाल मोडला. खात्रीची गोष्ट होती, आणि आपल्या घरी नेता येत नाही ती दुसऱ्याच्या घरी पोचवली, यात काय वाईट केलं? दिवसभरात तेवढंच एक बरं वाटलं.

घरी आलो तर वहिनी टेबलापाशी बसल्या होत्या. समोर दोन कप. म्हणाल्या, "बसा. बोलायचंय."

बसलो. चहा तोंडाला लावला. "वा," म्हटलं.

"पुरे करा, भाऊजी." आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही मला टोमणा मारून किती दिवस झाले, आठवतं का? नळ दुरुस्त केलात. लोकर धरलीत. या चहाला वा म्हणताय, यात साखर नाही, आणि पत्ती कालचीच आहे. मी मुद्दाम केलाय तसा."

मी कप खाली ठेवला.

"आणि कापूस. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा शर्ट मी धुतलाय. लाल माती निघत होती त्यातून, पाण्याचा नुसता चिखल झाला. कापसाने शर्ट लाल होतात का?"

"वहिनी, मला—"

"मी काही विचारलंय का तुम्हाला? नाही विचारलं. विचारणारही नाही. त्या मालविभागातल्या माणसाचं काय झालं ते बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारणीला मी का पत्राचं सांगितलं? तुमच्या तोंडाकडे बघत होती ती, आणि तुमचं तोंड म्हणजे चावडीवर लावलेली नोटीस." पदराने त्यांनी टेबलावरचा नसलेला डाग पुसला. "मला एवढंच पाहिजे, उद्यापासून पहिल्यासारखे बोला. तुम्ही असे गोड बोलायला लागलात की मला घरात प्रेत ठेवल्यासारखं वाटतं."

मी कप उचलून आणखी एक घोट घेतला. मग म्हटलं, "चहा भिकार आहे."

"हं," वहिनी म्हणाल्या, आणि उठून खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. मी बघितलं नाही असं केलं. तेवढं नाटक मला येतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कुलूपसाहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले. असं कधी होत नाही.

"हॉस्पिटलने नावं कळवली. तुमचा भाऊ आहे."

मी म्हटलं, "नाही."

"नाही म्हणजे?"

"तारेत चूक झालीय, साहेब. त्याची चार ते आठ असते. तो खाली होता. जो आहे तो तिसरा असणार. परत विचारा त्यांना."

"वय लिहिलंय. उंची लिहिलीय. कपाळावर जुन्या भाजल्याची खूण."

ती खूण माझ्यामुळे आहे. लहानपणी आगीशी मी खेळत होतो आणि तो मला ओढायला आला होता. मी कुलूपसाहेबांशी तरीही वाद घालत राहिलो. पाळ्या कशा असतात, त्या कशा बदलत नाहीत, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घरी जा. वहिनींना सांगा. तेवढी परवानगी आहे."

कोट हातातच घेऊन पळालो. या वयात मी पळतो कसा हे रस्त्याने पाहिलं. वहिनी मटार सोलत होत्या.

"दादा आहे," मी म्हटलं.

त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. "आहे म्हणजे?"

"जिवंत आहे. हॉस्पिटलात. पाय गारठलेत, पण आहे."

त्या उठल्या, हात धुतले, पुसले, पुन्हा बसल्या. बसायची खुर्ची ज्या जागी होती तिथे बसल्या नाहीत, त्यामुळे जमिनीवर बसल्या. आणि तिथून माझ्यावर ओरडल्या, "मग असे मेल्यासारखे काय रडताय!" मला तोवर माहीतही नव्हतं. मग दोघंही तिथे जमिनीवर बसून राहिलो. मटार सगळीकडे सांडले होते.

बऱ्याच वेळाने मला मास्तर आठवले.

हे वाक्य मी वर लिहू शकलो असतो, लपवू शकलो असतो. पण खरं तसंच आहे: बऱ्याच वेळाने आठवले.

वहिनींना सांगितलं. त्यांनी मटार एकेक करून गोळा केले आणि म्हणाल्या, "उद्या त्यांना सांगतील तेव्हा तुम्ही तिथे असा. पळून जाऊ नका."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

होतो तिथे.

कुलूपसाहेबांनी मास्तरांना बसवलं आणि ते वाक्य सांगितलं. वाक्य ठरलेलं असतं, छापलेलं असतं. त्यांनी ते न बघता सांगितलं. मास्तर लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी माझ्याकडे हात केला आणि कुलूपसाहेबांना म्हणाले, "पण हे साहेब म्हणाले होते, येईल."

तक्रार नव्हती. माप चुकलंय, पुन्हा एकदा बघता का, असं गिऱ्हाइकाने म्हणावं तसं म्हणाले.

कुलूपसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मालविभागातल्या माणसाकडे बघताना त्यांचा चेहरा कसा असेल याचा मी विचार केला. ते म्हणाले, "त्यांची चूक झाली." तेवढंच. पुढे काही बोलले नाहीत, आणि आज संध्याकाळपर्यंतही बोललेले नाहीत.

मी मास्तरांना दारापर्यंत सोडायला गेलो. पायऱ्यांवर ते थांबले. "बायकोला सांगून बसलो हो मी," म्हणाले. "जेवली ती. आता परत सांगायला पाहिजे."

मी म्हटलं, मी येतो बरोबर. त्यांनी मान हलवली, नको अशी.

फळ्यावरून म्हातारीची चकती काढली. पक्की बातमी आली की काढायची असते.

४ डिसेंबर, गुरुवार

दादा आला. दोन्ही पायांना फडकी, डाव्या पायाची दोन बोटं नाहीत, आणि अंगावर कोणा दुसऱ्याचा कोट. वहिनींनी त्याला दारातच ऐकवलं, "जाताना चांगला कोट घालून गेला होतात." तो हसला. त्याला खुर्चीत बसवेपर्यंत त्या बोलतच होत्या, आणि मग एकदम थांबल्या.

रात्रीचं जेवण झालं. नंतर, कोणी विचारलेलं नसताना, ताटाकडे बघत म्हणाला, "दाढ ठणकत होती."

वहिनींनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तोंड एवढं सुजलं होतं. डोळ्याला डोळा लागला नव्हता. चारला खाली उतरायला निघालो, तर तिसरा वर येत होता, त्याची पाळी संपवून. म्हणाला, सेकंडसाहेब, तुम्ही पडा, मी करतो तुमची. मी म्हटलं, आत्ताच तर चार तास करून आलास. म्हणाला, मला काय झालंय." त्याने ताट बाजूला सरकवलं. "पाळी फुकट करून घेत नाहीत कोणी. आमच्यात रिवाज आहे. पाळी घेतली की तंबाखूची एक डबी द्यायची. माझ्याकडची संपली होती. म्हटलं, बंदरात पोचलो की देतो. म्हणाला, पिवळ्या झाकणाची हं, दुसरी चालायची नाही. आणि हसत परत खाली गेला."

वहिनी म्हणाल्या, "दाढ?"

"काढली हॉस्पिटलात." जिभेने त्याने ती जागा चाचपली. आल्यापासून तो सारखा चाचपतोय, आता लक्षात आलं.

६ डिसेंबर, शनिवार

वहिनी म्हणाल्या, पहाटे चारला तो जागा असतो. पण उठत नाही. झडपांचा आवाज येत नाही म्हणून त्यांनाही झोप येत नाही.

७ डिसेंबर, रविवार

तंबाखूवर रेशन आहे, आणि पिवळ्या झाकणाची तर दिसतच नाही. बाजार पालथा घातला. शेवटी बंदरावरच्या न्हाव्याकडे एक मिळाली. त्याने माझ्याकडून काय काय घेतलं ते लिहीत नाही. दाढी आता वर्षभर तिथेच करावी लागणार एवढं नक्की.

मास्तरांचं दुकान अर्धं उघडं होतं. ते मशीनवर होते. माझ्याकडे बघितलं, शिवण संपवली, दोरा दाताने तोडला आणि मग "या" म्हणाले.

मी डबी मशीनच्या पाटावर ठेवली. "ही तुमच्या मुलाची."

त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. नख झाकणाच्या कडेने फिरवलं. "सील आहे यावर. नवी आहे ही."

"द्यायची राहिली होती. माझ्या भावाकडून."

"कशाबद्दल?"

वाटेत मी तीन उत्तरं तयार केली होती, तिन्ही चांगली. ती सोडून दिली. म्हटलं, "भावाची दाढ दुखत होती. पहाटेची पाळी त्याची होती. ती तुमच्या मुलाने केली. पाळी करणाऱ्याला त्यांच्यात डबी देतात."

मशीनच्या चाकावर त्यांचा तळवा तसाच राहिला. आतल्या खोलीतून भांड्याचा आवाज आला, आणि त्यांनी हातानेच मला हळू बोलण्याची खूण केली, जरी मी बोलत नव्हतो.  मी उभाच होतो. मला त्यांनी बाहेर काढलं असतं, डबी फेकून मारली असती, तरी मी तिथेच उभा राहिलो असतो.

"आता कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"दाढ."

"काढली."

"चांगलं केलं," मास्तर म्हणाले. "दाढदुखी वाईट. माणसाला काही सुचू देत नाही." त्यांनी डबी उचलली, वरच्या खिशात घातली, खिसा लहान पडला म्हणून हाताने दाबून बसवली. "पोचली म्हणून सांगा त्यांना."

घरी दादा खिडकीशी बसला होता. कोट खुंटीला लावता लावता, त्याच्याकडे न बघता मी म्हटलं, "मास्तरांनी सांगितलंय, पोचली म्हणून."

काय पोचली, असं त्याने विचारलं नाही.